चार मूग, बारा उडीद

आमच्या बाबांच्या जगात सगळं काही सोळा आण्यांत मावायचं. नवे पैसे येऊन कितीतरी वर्षं झाली होती, दुकानदारही पैशातच बोलायचा, पण बाबांच्या तोंडातून आणे काही गेले नाहीत. ज्वारी कशी आहे? दहा आणे. अंगात ताप किती? काल बारा आणे होता, आज चार आणे राह्यला. कुणाच्या लग्नाला जाऊन आले की वरण आठ आणे, बुंदी चौदा आणे आणि नवरदेव पाच आणे. तलाठी पिकाची आणेवारी काढायला शिवारात यायचा तेव्हा बाबा त्याच्या मागेमागे बांधावरून फिरायचे, तिथूनच ही खोड लागली असावी. मी पुढे गणिताची मास्तरीण झाले, 'संभाव्यता' नावाचा धडा जन्मभर शिकवला, आणि खरं सांगते, फळ्यावर एक छेद चार लिहिताना माझ्या मनात आधी चार आणे यायचे आणि मग अपूर्णांक. पुस्तकात 'यादृच्छिक निवड' असा शब्द असतो. तो उच्चारतानाच पोरांच्या जिभेला गाठ पडते. आमच्याकडे त्याला 'डोये मिटून काढणं' म्हणतात, आणि तेवढ्यानं सगळ्यांना समजतं.

तेव्हा आमचं घर किन्हीराजाला नाल्याच्या काठी होतं. घर कसलं, कुडाच्या चार भिंती आणि वर टिनं. नाला उन्हाळ्यात इतका गरीब की शेळी त्यात उभी राहून दुसऱ्या काठचं गवत खायची, आणि श्रावणात इतका माजायचा की आमच्या दाराशी येऊन थांबायचा नाही, आतच यायचा. पाणी सगळ्यात आधी चुलीत शिरायचं. माय म्हणायची, नाल्याचा माह्या चुलीवर डोया हाय. मग भिजलेल्या गोवऱ्या, धूर, खोकला, आणि चुलीऐवजी कुठेतरी तीन दगड मांडून केलेली अर्धी कच्ची भाकर. मायला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिला एक कोरडी चूल हवी होती. केनवडचं माहेर तिचं, आणि माहेरी चूल उंच ओट्यावर होती, हे ती आम्हाला दर पावसाळ्यात ऐकवायची. बाबा म्हणायचे, "मंग केनवडले भाकरी करून पाठवत जाय." असं म्हटलं की त्या दिवशी बाबांच्या ताटात ठेचा नसायचा.

नाल्याच्या काठी आमच्या शेजारी वच्छलामावशीचं घर. मावशी नावाची, नातं काही नाही. मायचं आणि तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याचं कारण एक कोंबडी. कोंबडी आमची, उकिरडा त्यांचा, आणि कोंबडीनं अंडी घातली त्या उकिरड्यावर. आता अंडी कोणाची? माय म्हणे, कोंबडी ज्याची त्याची. वच्छलामावशी म्हणे, मंग उद्या तुही म्हैस माह्या अंगणात शेण टाकन, तर शेण तुहं का? यावर गावातल्या शहाण्या माणसांनी पुष्कळ डोकं लावलं. अंडी तेवढ्यात मुंगसानं खाल्ली. तरीही भांडण राहिलं. बोलणं नव्हतं म्हणजे समोरासमोर नव्हतं. एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात कुत्र्याशी, शेळीशी आणि आमच्याशी दोघीही दिवसभर बोलायच्या.

अशात बातमी आली की आमच्या वस्तीतल्या, कागदोपत्री बेघर असलेल्या सोळा कुटुंबांना सरकार घरासाठी जागा देणार. मुरमाड बरडाच्या पायथ्याशी आखणीही झाली. चुन्याच्या रेषा मारून सोळा चौकोन पाडले. एक ते चार नंबर वर, बरडाला लागून, ठणठणीत मुरमावर. पाचापासून ओळ वळून खाली उतरत होती, आणि सोळापर्यंतचे सगळे खाली काळ्या मातीत, जिथं पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथंच ठेवून यावी लागते. नालाही खालूनच वळून जायचा. कोणाला कोणता नंबर, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. वस्तीत त्या दिवसापासून दुसरं बोलणं नाही. जो तो मनातल्या मनात वर राहायला गेला होता.

मी तेव्हा मालेगावच्या शाळेत आठवीत शिकत होते. एसटीनं जाणं-येणं, आणि येताना डोक्यात काहीतरी घेऊन येणं, हा माझा क्रम. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. रात्रीची चून-भाकर चालली असताना मायनं विचारलं, "कुंदे, वरची जागा आपल्याले भेटन का व?"

"सोळात चार वरच्या. म्हणजे..."

"चार आणे," बाबा घास तोंडात ठेवूनच म्हणाले. त्यांना गणित करावं लागलंच नाही.

"काहून चार आणे?" माय उसळली. "निघन, नाहीतर नाही निघन. दोनच गोष्टी हायत. दोनाचे आठ-आठ आणे झाले!"

"अस्सं?" बाबा म्हणाले. "मंग तू उद्या तहसीलदारीण होशीन, नाहीतर नाही होशीन. दोनच गोष्टी. आठ आणे धरू का? नाही, मी आपला आतापासून सलाम करत जातो."

मायनं त्यांच्या ताटातला कांदा उचलून माझ्या ताटात टाकला. आता साठी उलटल्यावर मला वाटतं की दोनच गोष्टी म्हणजे निम्मे-निम्मे, ही चूक फक्त मायची नव्हती. चांगले शिकलेले, टाय लावलेले लोक मी ती करताना पाहिलेत. फरक इतकाच की त्यांच्या घरी आमच्या बाबांसारखं ताबडतोब सलाम करणारं कोणी नसतं.

पण चार आणे की आठ आणे, यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता. पहिला हात कोण घालणार? वस्तीत एकमत होतं की पहिला हात घालील त्याचीच मजा. मडकं भरलेलं असतं, चारही वरच्या चिठ्ठ्या आत असतात. शेवटी जाईल त्याला काय उरणार, खरड! मायचंही तेच. "तुमी सकायीच जाऊन तठी बसा," तिनं बाबांना फर्मावलं, "मडक्याच्या मांडीले मांडी लावून."

मला ते पटेना. का पटेना तेही सांगता येईना. म्हणून मी मायच्या डब्यातून चार मूग घेतले आणि बारा उडीद. तांब्यात टाकले, हलवले, आणि बाबांना म्हटलं, डोळे मिटून एकेक दाणा काढा, आणि सुपात एका ओळीनं मांडत जा. पहिला दाणा मूग निघाला तर भिंतीवर डावीकडे कोळशाची रेघ, शेवटचा निघाला तर उजवीकडे. बाबांना या खेळाचं असं वेड लागलं की शेळी बांधायची राहिली. मात्र ते लबाडी करायचे. उडदाचा दाणा बोटाला लागला असं वाटलं की बोट हळूच पुढं सरकायचं, आणि वर डोळे मिटलेले, चेहरा अगदी विहारात बसल्यासारखा. मी तांब्यावर फडकं टाकलं, त्यांना दोनच बोटं घालू दिली. दुपार झाली, सावली सरकली, भिंत काळी झाली. डावीकडच्या आणि उजवीकडच्या रेघा जवळपास सारख्याच. कधी या बाजूला दोन जास्त, कधी त्या बाजूला.

"आता हे कसं?" बाबा सुपाकडे बघत म्हणाले. "शेवटच्याले तं काही उराले नाही पायजे."

तेव्हा मला ते सांगता आलं. आयुष्यात त्यानंतर मी पुष्कळ सिद्धता फळ्यावर लिहिल्या, पण त्या दिवसाइतका आनंद एकीतही झाला नाही. मी सुपातली ओळ दाखवली आणि म्हटलं, "बाबा, हे सोळा दाणे ओळीनं पडले. हे सूप मी उलटीकडून धरलं तर शेवटचा दाणा पह्यला होते. दाण्याले थोडीच माहीत हाय कोणतं टोक पह्यलं! कोण्याही जागी मूग असाची आशा तितकीच, सोळात चार."

बाबांनी सूप खरोखरच फिरवून पाहिलं. मग पुन्हा फिरवलं. मग मांडीवर थाप मारली. "अवं, ऐकलं का? मुगाले काय माहीत पह्यलं कोण अन् शेवटचं कोण!"

माय आली, भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, सुपातले मूग-उडीद गोळा केले आणि वरणात टाकले. "आता माहीत होईन त्यायले," ती म्हणाली. माझी पहिली सिद्धता अशी आम्ही भाकरीबरोबर खाल्ली.

चिठ्ठ्यांच्या दिवशी विहारापुढच्या मैदानात सगळी वस्ती जमली. तलाठीसाहेब टेबल-खुर्ची घेऊन बसले होते. टेबलावर एक काळं मडकं, अरुंद तोंडाचं, आणि त्यात सोळा चिठ्ठ्या. साहेबांनी "या" म्हणायचा अवकाश, आठ-दहा माणसं एकदम मडक्यावर तुटून पडली. मडकं फुटायचंच बाकी होतं. साहेब ओरडले, एकेक या, एकेक. मग पहिला कोण? कोणी म्हणे वयानं मोठा तो, कोणी म्हणे ज्याचं घर मोठं तो, सुदामकाका म्हणे मी पहाटेपासून येऊन बसलो. कोणीतरी तोडगा काढला की चिठ्ठी काढायच्या नंबराची आधी चिठ्ठी काढू. लगेच दुसऱ्यानं विचारलं, मग ती पहिली कोण काढणार? साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. मला आजही ते दिसतात, धोतराचा सोगा हातात धरून, छाती पुढं काढून. "आमी शेवटी काढतो साहेब. माह्या पोरीनं हिशेब केला. पह्यलं काढा का शेवटी, सारखंच हाय. चार आणे म्हंजे चार आणे."

मैदान असं हसलं की झाडावरचे कावळे उठले. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक माय. तिनं मला दंडावर करकचून चिमटा घेतला. आणि दुसरी वच्छलामावशी. तिनं माझ्याकडे एकटक पाहिलं, आणि मग शेजारच्या बाईला, म्हणजे खरं तर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "थे पोरगी मालेगावले शिकते बाई. थे शेवटी म्हनून राह्यली म्हंजे शेवटीच काहीतरी हाय. मीबी शेवटी काढीन!" आता शेवटच्या नंबरासाठी भांडण सुरू झालं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि निकाल दिला की वच्छलाबाई पंधरावी, आणि आमचं घर सोळावं. बाबा मायला म्हणाले, "चिठ्ठी तू काढजो. चूल तुही हाय."

पहिला हात सुदामकाकांचा. काढली, साहेबांनी वाचली: "दोन नंबर." वरची! काकांनी तिथंच फुगडी घालायची बाकी ठेवली. मायनं दुसऱ्या दंडावर चिमटा घेतला. "पाह्य," ती दातांतून म्हणाली, "पाह्य तुह्या मुगाले."

पण त्यानंतर जे सुरू झालं ते सगळं खालचं. नऊ, चौदा, सहा, अकरा. ज्याचं निघे तो मान खाली घालून बाजूला होई. मी पायाच्या अंगठ्यानं धुळीत सोळा रेघा ओढल्या होत्या आणि निघाली की पुसत होते. निम्मी माणसं झाली तेव्हा मडक्यात आठ उरल्या, त्यातल्या तीन वरच्या. "सहा आणे," मी मायच्या कानात सांगितलं. दंडावरचा हात सैल झाला. आणखी दोन खालच्या गेल्या. "आठ आणे, माय." मायनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि आता मैदानाची हवाच फिरली. मघाशी हसणारे कुजबुजायला लागले की शेवटीच माल हाय, पोरीनं बरोबर ताडलं. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं तर तो गडी म्हणे, "माह्यं पोट दुखून राह्यलं साहेब, आधी त्याचं घ्या." त्याचं पुकारलं तर तो म्हणे, "मी बिडी पिऊन येतो." मडक्यावर तुटून पडणारी माणसं आता मडक्यापासून अशी पळत होती जणू आत विंचू आहे. काय सांगावं, मघाशीही मडकं तेच होतं आणि आताही तेच!

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा तो पोटदुखीवाला आणि तो बिडीवाला पुढं आले, आणि लागोपाठ दोघांनीही वरचीच काढली. पोट तिथल्या तिथं बरं झालं. मडक्यात चार उरल्या, वरची एक. आम्ही फिरून चार आण्यांवर. माझा दंड पुन्हा मायच्या हातात. मग दोन खालच्या गेल्या, आणि उरल्या दोन चिठ्ठ्या, आणि दोन बाया.

साहेबांनी कागदावर बोट फिरवलं आणि ते एकदम हसायला लागले. "उरले नंबर चार आणि पाच. म्हणजे बाई, कोणाचाही कोणता निघो, तुम्ही दोघी शेजारीच!" चार नंबर वरच्या ओळीचा शेवटचा, आणि ओळ वळून खाली उतरते तिथं त्याच्या पाठीला पाठ लावून पाच. मी वर-खालीचा हिशेब करत बसले होते. मायचं दुसरंही एक मागणं होतं, ही बाई पुन्हा शेजारी नको, याचा मी हिशेबच केला नव्हता. बाबांनी केला. "हे तं सोळा आणे झालं," ते म्हणाले. दोघी एकदम ओरडल्या, "मले नाही पायजे!" इतक्या वर्षांत त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

साहेब म्हणाले, वच्छलाबाई, काढा. वच्छलामावशी म्हणाली, मी नाही, आधी थे काढन. माय म्हणाली, माहा नंबर शेवटचा हाय, मी कायले काढू? दोघींनीही हात पाठीमागे बांधले. मग मावशीनं थेट मलाच विचारलं, "कुंदे, खरं सांग व, आता पह्यलं काढणं बरं का शेवटी?"

"सारखंच हाय मावशी. आठ-आठ आणे."

"चूप बैस!" दोघी म्हणाल्या.

शेवटी ठरलं की दोघींनी एकदमच हात घालायचा. आणि घातला. मडक्याचं तोंड ते केवढंसं! हात आत गेले, मुठी झाल्या, आणि बाहेर येईनात. बांगड्या बांगड्यांत अडकल्या. एक ओढी, दुसरी ओरडे, मडकं दोघींच्या मनगटांवर लटकून इकडून तिकडं जाई. सगळी वस्ती पोट धरून हसत होती. साहेब म्हणाले फोडा. माय म्हणाली, माह्या बांगड्या फुटतीन. बाबांनी तेल आणायला माणूस धाडला. पण तेल यायच्या आधीच वच्छलामावशीनं हळूच आपली मूठ उघडली, मायचा हात पुढं जाऊ दिला, आणि मग आपला काढला. दोघींच्या बोटांत एकेक चिठ्ठी होती. दोघींनाही वाचता येत नव्हतं. साहेबांनी हात पुढं केला होता, पण दोघींनी चिठ्ठ्या माझ्याच हातात दिल्या.

मी मायची उघडली. त्यावर पाच लिहिलं होतं.

दुसरी उघडायची गरजच नव्हती. तरी उघडली. उगाच, थोडा वेळ मिळावा म्हणून. आठ वर्षं शिकले होते, पण एक आकडा वाचून दाखवणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. माय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला चिठ्ठी वाचता येत नसली तरी माझं तोंड वाचता येत होतं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "चाल घरी. भाकरी टाकाच्या हायत." मागून वच्छलामावशी, कोणीही विचारलं नसताना, शेळीला सांगत होती की आता आपण वरून मोरीचं पाणी सोडू, ज्याच्या अंगणात जाईन त्याच्या जाईन.

घरी आल्यावर माय रडली नाही, मी रडले. बाबा म्हणाले, पोरीचं गणित चुकलं नाही. माय पीठ मळता मळता थांबली. "नसंन चुकलं. पण सुदामानं पह्यली काढली, त्याले वरची निघाली. आपन पह्यले असतो तं आपल्याले निघाली असती. हे तं खरं हाय?" मी म्हटलं, तुझा हात वेगळा, तू दुसरी चिठ्ठी उचलली असतीस. "अन् थेच उचलली असती तं?" हा प्रश्न मला पुढे दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारायचं, आणि दरवर्षी मी फळा पुसायला वळायचे. मग माय म्हणाली, "तुहे चार आणे बरोबर असतीन बापा. पण चार आण्यात चूल कुठी मांडू मी? चिठ्ठी निघाली तं सबन घर, नाही निघाली तं काहीच नाही. मधात रायता येत नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी त्या संध्याकाळी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मायनं मला उठवलं. डोक्यावर चुंबळ, हातात टोपलं, आणि माझ्यासाठी एक लहान टोपलं. आम्ही पाच नंबरवर गेलो. बरडावरचा मुरूम खणायचा, डोक्यावर घ्यायचा, खाली आणून टाकायचा. मी चौकोनाची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, कमरेइतकं जोतं करायचं तर मुरूम किती लागेल, एका टोपल्यात किती मावतो, असं काहीतरी पुटपुटायला लागले. माय म्हणाली, "मोजू नको, उचल."

ते उन्हाळ्याचे दिवस मला मुरमाच्या वासासकट आठवतात. माय मजुरीला जाण्याआधी काही टोपली टाकायची, आल्यावर काही. बाबा मुरमावर पाणी मारून धुमसानं चोपायचे, आणि दर दोन दिवसांनी जोत्यावर उभे राहून सांगायचे, तीन आणे झालं, साडेतीन आणे झालं. डोकं दुखायचं, केसांत खडे अडकायचे, आंबाडीची भाजी खाताना दाताखाली मुरूम करकरायचा. मुरूम खणायची जागा नेमकी वच्छलामावशीच्या पाठीमागे. ती आपल्या चार नंबरवर बसून पाहायची आणि शेळीशी बोलायची. "पाह्य व, माडी बांधून राह्यले लोक. वरून आपल्याकडं पाहातीन आता." माय आमच्या कुत्र्याला सांगायची, "पाहाच हाय आपल्याले, पाण्यात कोण बसते थे." एके दिवशी सकाळी पाहतो तर आमच्या जोत्यावर मुरमाचा भलामोठा ढीग. आम्ही टाकलेला नाही. वच्छलामावशी तिकडून शेळीवर ओरडत होती, "पायव्यात निघाला मुरूम, फेकाले जागा कुठी हाय मले? कोठीतरी टाकाच लागते ना!" त्यानंतर तिच्या पायव्यातून मुरूम निघायचा काही थांबेना. घर बांधून झालं तरी निघत होता.

आखाडात त्या जोत्यावर कूड उभे राहिले, वर जुनीच टिनं चढली, आणि श्रावणात नाला आला. वर एखादं धरण फुटल्यासारखं पाणी, काळ्या मातीतल्या ओळीत कमरेइतकं. लोक सामान डोक्यावर घेऊन विहाराकडे चालले होते. आमच्या जोत्याला पाणी लागलं, चढलं, आणखी चढलं, आणि वीतभर खाली थांबलं. आत माय चुलीपुढे बसली होती, फुंकणी हातात, आणि भाकरी फुगत होती. मी दारात उभी राहून पाण्याकडे पाहत होते. बाबा जोत्याच्या काठावर बसून पाणी मोजत होते. आज आण्यांत नाही, वितीत.

तेवढ्यात वरून हाक आली. शेळीला नाही, थेट. "अवं कुंदाच्या माय! पाणी आलं का व घरात?"

माय उठली नाही. आतूनच ओरडली, "ये पाहाले! चहा ठेवतो!"

वच्छलामावशीनं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, आणि मधल्या वाहत्या पाण्यातून भिंतीला धरत, शिव्या देत, आमच्या जोत्यावर चढली. घरात आली, पण बसली नाही. वाकली, आणि चुलीपुढच्या जमिनीवर तळहात टेकवला. एकदा इथं, एकदा तिथं, चुलीच्या आतल्या कडेलाही. मग हात वर करून उजेडात पाहिला. हाताला फक्त राख लागली होती.

"कोरडी हाय व," ती म्हणाली.

माय चिठ्ठीच्या दिवशी रडली नव्हती, ती तेव्हा रडली, हुंदके देऊन, आणि तव्यावरची भाकर जळायला लागली तरी तिला कळलं नाही. ती मग वच्छलामावशीनंच उलटली.